‘फ्रेंच ड्रॉप’मधलं फ्रेंच काय आणि ड्रॉप काय

प्रश्न असा आला आहे: नाण्याच्या जादूत सगळ्यात आधी शिकवतात त्या हातचलाखीला ‘फ्रेंच ड्रॉप’ का म्हणतात? ती फ्रान्समध्ये शोधली गेली का, आणि कोणी? जुन्या पुस्तकांत तिलाच ‘तूर्निके’ म्हटलेलं दिसतं, ते कुठून आलं? शेवटी असंही विचारलं आहे की हिला मराठी नाव का नाही, आणि सराव कुठल्या नाण्यावर करावा.

मी तीसेक वर्षं पुण्यात जादूचे प्रयोग करतोय. वाढदिवस, मुंजी, सोसायट्यांचे गणपती, कंपन्यांचे कार्यक्रम, सगळं केलं. गेली बारा-तेरा वर्षं शिकवतोही. हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून उत्तर लांबणार.

आधी थोडक्यात. ही युक्ती कुणा एका माणसाच्या नावावर नाही. फ्रेंच जादूगार तिला ‘तूर्निके’ म्हणत आले, आजही तेच म्हणतात. ‘फ्रेंच ड्रॉप’ हे नाव इंग्रजांनी ठेवलं. एका भाषेनं युक्तीची दिसणारी बाजू नावात घेतली, दुसरीनं लपलेली. आणि शिकणाऱ्याच्या हातावर या दोन नावांचा परिणाम वेगवेगळा होतो.

नावं कळायची तर युक्ती डोळ्यांसमोर हवी. गुपित फोडलं म्हणून कुणी रागावू नये, हे छापून दीडशे वर्षं होत आली.

डावा हात पुढे धरा, तळवा वर. नाणं ताटलीसारखं आडवं, त्याची कड अंगठ्याच्या आणि मधल्या दोन बोटांच्या टोकांनी पकडलेली. अंगठा आणि बोटं मिळून एक कमान होते आणि नाणं त्या कमानीच्या माथ्यावर बसतं. आता उजवा हात येतो. त्याचा अंगठा नाण्याखालून, कमानीतून आत शिरतो. चार बोटं नाण्यावरून, प्रेक्षकांच्या बाजूनं येतात. बोटांआड नाणं दिसेनासं झालं की डावा अंगठा किंचित सैल पडतो. नाणं सुटतं आणि डाव्याच हातात, बोटांच्या मुळाशी जाऊन बसतं. उजवी मूठ मिटते आणि नाणं घेऊन निघाल्यासारखी बाजूला जाते. आपली नजर मुठीबरोबर जाते. डावा हात, ज्यात खरं नाणं आहे, सावकाश खाली येतो. मुठीवर फुंकर मारली, एकेक बोट उघडलं, मूठ रिकामी.

एवढीच युक्ती. दोन सेकंदांची. आमच्या भाषेत हिला ‘फॉल्स ट्रान्सफर’ म्हणतात, म्हणजे वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा नुसता भास.

आता नाव. या बाबतीत माझ्या हाताशी असलेला सगळ्यात भक्कम पुरावा १८७६ सालचा आहे. त्या वर्षी लंडनमध्ये ‘मॉडर्न मॅजिक’ हे पुस्तक निघालं. लेखकाचं नाव छापलंय प्रोफेसर हॉफमन, पण हे टोपणनाव. खरा माणूस अँजेलो जॉन लुईस, व्यवसायानं बॅरिस्टर. इंग्रजीत हातचलाखी पायरी-पायरीनं, आकृत्या देऊन, घरी बसून शिकता येईल अशी मांडणारं हे पहिलं मोठं पुस्तक. आपल्याकडे जुन्या मंडळींच्या कपाटात त्याच्या झिजलेल्या प्रती अजून सापडतात. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या गुरूंनी पानं उलटायला दिली नव्हती, स्वतःच उलटून दाखवली होती.

त्यात नाण्याच्या ‘पास’ना, म्हणजे नाणं एका हातातून दुसऱ्यात गेल्याचं भासवायच्या युक्त्यांना, क्रमांक दिलेत. तिसऱ्या क्रमांकाला ही युक्ती आहे आणि तिचं शीर्षक फ्रेंच आहे: ‘ल तूर्निके’. मग पहिल्याच वाक्यात, कंसात, जाता जाता सांगितलंय की हिला कधी कधी फ्रेंच ड्रॉप असंही म्हणतात. पुढे शेरा असा की ही सोपी आहे आणि तरीही अतिशय परिणामकारक.

त्या कंसातल्या चार-पाच शब्दांवर मी बरेच दिवस घालवलेत. ‘कधी कधी म्हणतात’ याचा अर्थ हॉफमननं ते नाव पाडलेलं नाही. १८७६च्या आधीच ते इंग्रज जादूगारांच्या तोंडी होतं. रंगमंचामागे, दुकानांत, एकमेकांना शिकवताना वापरायचं बोलीतलं नाव. हॉफमननं ते ऐकलं आणि नोंदवलं, पण शीर्षकाचा मान फ्रेंच शब्दाला दिला. म्हणजे अभ्यासू माणसाच्या लेखी मूळ नाव तूर्निके होतं आणि फ्रेंच ड्रॉप हे धंद्यातलं चालू नाव. पुढे नेहमी होतं तसंच झालं. पुस्तकी नाव मागे पडलं आणि तोंडातलं नाव टिकलं. आज मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही जादूगाराला ‘तूर्निके दाखव’ म्हणा, तो तुमच्याकडे बघत राहील. ‘फ्रेंच ड्रॉप’ म्हणा, हात आपोआप खिशात जाईल.

आता ‘तूर्निके’. फ्रेंचमध्ये ‘तूर्ने’ म्हणजे फिरणं, फिरवणं. ‘तूर्निके’ म्हणजे फिरणारी वस्तू. जत्रेच्या मैदानाच्या किंवा बागेच्या तोंडाशी आडव्या दांड्यांचं फिरतं फाटक असतं, एका वेळी एकच माणूस आत जावा म्हणून बसवलेलं, त्याला फ्रेंचमध्ये हाच शब्द आहे. पॅरिसच्या मेट्रोतल्या फाटकालाही तोच. रक्तस्राव थांबवायला दंडाला आवळून बांधतात त्या पट्ट्यालाही डॉक्टर तूर्निके म्हणतात, आणि तिथंही अर्थ फिरवण्याचाच आहे. झाँ लुई पती या फ्रेंच शल्यचिकित्सकानं १८व्या शतकाच्या सुरुवातीला स्क्रू फिरवून आवळायचं साधन केलं, त्याचं हे नाव. एका विद्यार्थिनीनं, ती नर्सिंग करत होती, मला विचारलं होतं की नाण्याच्या युक्तीला रक्त थांबवायच्या पट्ट्याचं नाव का? नाव पट्ट्यावरून आलेलं नाही. फिरणं हे दोघांचं आजोळ.

पण या युक्तीत फिरतं काय? नाणं तर फिरत नाही. पुस्तक ते समजावत बसत नाही, म्हणून मी माझं वाचन सांगतो. आरशासमोर उभे राहा आणि नाणं खरोखर घ्या. उजवा अंगठा खालून जातो, बोटं वरून येतात, आणि मूठ मिटता मिटता उजवं मनगट बाहेरच्या बाजूला वळतं. नाण्याचा आस धरून हात त्याच्याभोवती फिरून पलीकडे निघून जातो. फिरत्या फाटकातून माणूस जातो ना, तसा. फाटक जागच्या जागी राहतं, माणूस पलीकडे पोचतो. इथं डावा हात म्हणजे फाटकाचा खांब, जागचा न हलणारा, आणि उजवा हात त्यातून पार होणारा. मला तरी हे चित्र इतकं चपखल वाटतं की तूर्निके हा शब्द कळल्यावर माझा हातच बदलला.

म्हणजे बघा, फ्रेंच नाव प्रेक्षक जे पाहतो त्याचं आहे: हाताचं फिरणं, घेणं. इंग्रजी नाव जादूगार जे लपवतो त्याचं आहे: नाण्याचं सुटणं, पडणं. माझ्या मते फ्रेंच नाव जास्त शहाणं आहे. शिकणाऱ्याला ‘ड्रॉप’ म्हटलं की त्याचं सगळं चित्त नाणं टाकण्यात जातं. डाव्या हाताकडे बघायला लागतो, अंगठा झटक्यात सोडतो, नाणं अंगठीवर आपटून खणकतं. उजवा हात मात्र कसनुसा येतो आणि जातो.

हे मी दुसऱ्याचं सांगत नाही. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका मुंजीत, वाड्याच्या चौकात, मी मोठ्या ऐटीत फ्रेंच ड्रॉप केला. पुढे बसलेला सहा-सात वर्षांचा मुलगा मूठ उघडायच्या आधीच ओरडला, “काका, त्या हातात आहे!” सगळा चौक हसला. रात्री गुरूंना सांगितलं. ते नेहमीसारखे तांदूळ निवडत बसले होते. म्हणाले, “तू टाकत होतास. टाकू नकोस, घे. एक खडा उचल या ताटातला.” मी उचलला. “आता न उचलता उचल.” मी नुसती चिमूट मिटली. “बघितलंस? आत्ताची चिमूट जास्त घट्ट होती आणि लवकर मिटली. पोरानं तेच पाहिलं.” मग तास-दीड तास त्या ताटात खडे उचलणं आणि न उचलणं चाललं होतं. काकूंनी शेवटी ताट ओढून घेतलं.

तेव्हापासून मी असं शिकवतो: दहा वेळा नाणं खरं घ्या, मोजून. अकराव्यांदा तसंच घ्या, फक्त नाणं मागे राहू द्या. अकराव्यात आणि दहाव्यात बघणाऱ्याला फरक कळला तर पुन्हा एकपासून.

गुरूंनी ताटात दाखवलं ते प्रयोगशाळेतही दिसलं आहे. ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जादूगार आणि सामान्य माणसं यांना वस्तू खरी उचलायला आणि उचलल्याचा अभिनय करायला सांगून त्यांच्या बोटांची हालचाल मोजली. सामान्य माणसाचा अभिनय खऱ्या उचलण्याहून वेगळा पडतो. जादूगारांचा खऱ्यासारखा येतो, पण समोर खरी वस्तू दिसत असेल तरच. वस्तू काढून घेतली की जादूगारांचे हातही इतरांसारखेच चुकायला लागतात. फ्रेंच ड्रॉपमध्ये नाणं शेवटपर्यंत समोर असतं, हाताला खरं लक्ष्य मिळतं. ही युक्ती इतकी वर्षं टिकली त्याचं एक कारण मला यात दिसतं. २०१५ साली तर खुद्द फ्रेंच ड्रॉपवर, हाच शब्द शीर्षकात घेऊन, मानसशास्त्रातला शोधनिबंध निघाला. हॉफमनच्या कंसातलं नाव शास्त्रीय निबंधाच्या मथळ्यावर पोचलं, याचा मला खरंच आनंद झाला होता.

आता मुख्य प्रश्नाकडे. फ्रेंचच का?

इंग्रजीतल्या या कलेच्या शब्दांवर फ्रेंचचा हात पूर्वीपासून आहे. हातचलाखीला इंग्रजीत ‘लेजरडिमेन’ हा जुना शब्द आहे. तो फ्रेंच ‘लेजे द मँ’चा, म्हणजे ‘हाताचा हलका’. आपणही म्हणतो ना, अमक्या सिस्टरचा हात हलका आहे, सुई टोचलेली कळत नाही. अगदी तोच अर्थ. ‘प्रेस्टिडिजिटेशन’ हा भारदस्त शब्दही फ्रान्समध्येच, १९व्या शतकाच्या सुरुवातीला घडला.

इंग्रजीत नाण्यांच्या हातचलाखीचं सविस्तर वर्णन करणारं पहिलं पुस्तक १५८४ सालचं, रेजिनल्ड स्कॉट या केंट परगण्यातल्या गृहस्थाचं. ते जादूचं पुस्तक म्हणून लिहिलेलंच नव्हतं. चेटकीण म्हणून गोरगरीब बायकांना फासावर चढवत होते, त्याविरुद्ध स्कॉटनं लिहिलं. लोक ज्याला सैतानाची करणी समजतात ते बोटांचं कसब असू शकतं हे दाखवायला त्यानं बाजारातल्या जादूगारांच्या युक्त्या उलगडून सांगितल्या. आमची कला छापील रूपात पहिल्यांदा उभी राहिली ती माणसांचे जीव वाचवण्याच्या कामी, हे मी प्रत्येक बॅचला सांगतो.

त्याच स्कॉटनं लंडनच्या एका तोड नसलेल्या हातचलाखाचं नाव नोंदवलंय: जॉन कॉतारेस, सेंट मार्टिन्सच्या वस्तीत राहणारा, घाम गाळून पोट भरणारा, आणि जन्मानं फ्रेंच. म्हणजे १६व्या शतकात इंग्रज लेखकाला हाताच्या कामाचा सर्वोत्तम नमुना दाखवायचा तर बोट फ्रेंच माणसाकडे जातं. योगायोग असा की त्याच १५८४ साली फ्रान्समध्ये लिओंला प्रेव्हो नावाच्या लेखकाचंही युक्त्यांचं पुस्तक छापलं गेलं. दोन्ही देशांची सुरुवात एकाच वर्षी.

मग स्कॉटच्या पुस्तकात फ्रेंच ड्रॉप आहे का? काही जण ठोकून देतात की आहे. तिथं नाणं एका हातातून दुसऱ्या हातात नेल्याचा भास जरूर आहे, पण पद्धत वेगळी. त्यात नाणं उजव्या तळव्यावर ठेवतात आणि उजवा हात डाव्या हातातून ओढत नेताना ते डाव्यात ठेवल्यासारखं करतात. खरं नाणं उजव्यातच. म्हणजे ते खोटं ‘ठेवणं’ आहे. फ्रेंच ड्रॉप हे खोटं ‘घेणं’ आहे. वरवर फरक बारीक वाटतो, पण करणाऱ्याला विचारा. ठेवताना ज्या हातात नाणं आहे तोच हात हलतो आणि प्रेक्षकाची नजर त्याच्यावर असते, म्हणून लपवणं अवघड. घेताना नाण्याचा हात स्वस्थ असतो आणि रिकामा हात हलतो. नजर हलणाऱ्या हातामागे जाते. माणसाच्या डोळ्याचा हा स्वभाव युक्तीच्या पोटातच बसवलेला आहे. नवशिक्याला पहिली हीच शिकवतात ते यामुळे.

स्कॉटचं आणखी एक वाक्य आम्हा नाणेवाल्यांना पाठ असतं: पैसा लपवायची मुख्य जागा म्हणजे तळहात. आजही आम्ही ‘पाम करणं’ म्हणतो. तळहाताला इंग्रजीत पाम, म्हणून ते. या कलेतलं सगळ्यात जुनं चालू नाव बहुधा हेच.

आता १९व्या शतकात या. पॅरिसमध्ये झाँ-युजेन रोबेर-ऊदँ नावाचा घड्याळजी होता. जुलै १८४५ मध्ये त्यानं पॅले-रॉयालमध्ये छोटं नाट्यगृह उघडलं. चेटक्याचा झगा आणि टोकदार टोपी टाकून दिली आणि सभ्य गृहस्थाच्या संध्याकाळच्या पोशाखात, उजेडात, जादू दाखवायला लागला. आज जादूगार म्हटलं की कोट-टाय डोळ्यांसमोर येतो, तो पायंडा पक्का करण्यात त्याचा वाटा सगळ्यात मोठा. १८४८ साली पॅरिसमध्ये क्रांतीची धामधूम होती, नाट्यगृहं ओस पडली, तेव्हा तो लंडनला गेला. तिथं सेंट जेम्स थिएटरमधले त्याचे प्रयोग खूप गाजले. पुढे हॅरी हूदिनीनं आपलं नाव घेतलं ते याच ऊदँवरून.

रोबेर-ऊदँनं १८६८ साली हातचलाखीवर मोठा ग्रंथ लिहिला. इंग्रजीत तो आणला १८७८ साली, आणि भाषांतर करणारा कोण? तोच आपला बॅरिस्टर हॉफमन. तेव्हा हॉफमनच्या टेबलावर फ्रेंच पुस्तकं होती, कानांवर इंग्रज धंदेवाल्यांची बोली होती, आणि शीर्षकातलं ‘तूर्निके’ व कंसातलं ‘फ्रेंच ड्रॉप’ ही जोडी या दोहोंच्या सांध्यावर उमटली. त्या पिढीतल्या इंग्रजाला फ्रेंच हातचलाखी म्हणजे उत्तम हातचलाखी. फ्रेंच पुस्तकात वाचलेली, फ्रेंच जादूगाराच्या हातात पाहिलेली, फ्रेंच नावाची ‘पडण्याची’ युक्ती, ती फ्रेंच ड्रॉप.

यावरून ‘रोबेर-ऊदँनंच ती शोधली’ असं म्हणू नका. असं छापलेलं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय आणि ते चूक आहे. नावातला देश नेहमी जन्मस्थान सांगत नाही. आपली विलायती चिंच घ्या. लहानपणी आपण सगळ्यांनी खाल्ली, ती गुलाबी-पांढरी, वळलेली. ती ना विलायतेची, ना चिंच. झाड मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. पण बाहेरून आली, म्हणून विलायती. इंग्रजांचंही तसंच. न सांगता पार्टीतून सटकण्याला इंग्रजीत ‘फ्रेंच लीव्ह’ म्हणतात, आणि फ्रेंच लोक त्याच सटकण्याला ‘इंग्रजांसारखं निसटणं’ म्हणतात. ‘फ्रेंच ड्रॉप’मधल्या फ्रेंचचा अर्थ मी असाच लावतो: आमच्याकडे ती तिकडून आली. कुणी जन्माला घातली ते हे नाव सांगत नाही.

बाकीच्या युक्त्यांच्या नावांबद्दलही थोडं, कारण ‘कोणी शोधली’ असंही विचारलं आहे. २०व्या शतकापासून युक्त्यांना माणसांची नावं पडायला लागली. त्याआधी जादूगार गुपित राखून असत, मग नाव कोण कुणाचं देणार? पुस्तकं, मासिकं आणि परिषदा वाढल्या, तशी ‘ही अमक्याची’ म्हणायची पद्धत आली. ‘डाउन्स पाम’ आहे टी. नेल्सन डाउन्सची. हा अमेरिकेत आयोवामध्ये रेल्वेत तारयंत्रावर काम करणारा पोरगा. रात्रपाळीच्या रिकाम्या वेळात नाणी फिरवत बसायचा, आणि पुढे लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये ‘किंग ऑफ कॉइन्स’ म्हणून मिरवला. हवेतून नाणी काढून हॅटमध्ये टाकायचा खेळ जुनाच होता, हॉफमनच्या पुस्तकातही आहे, पण डाउन्सनं त्याला ‘मायझर्स ड्रीम’, कंजूषाचं स्वप्न, असं नाव दिलं आणि तेच चिकटलं. ‘रॅमसे सटल्टी’, म्हणजे नाणं असलेला हात रिकामा भासवायची युक्ती, स्कॉटलंडमधल्या आयर गावच्या जॉन रॅमसेची, हा माणूस किराणा दुकान चालवायचा. ‘तेनकाई पाम’ जपानी जादूगार तेनकाईची. आपल्या हापूसमध्ये अफोन्सो हा पोर्तुगीज बसला आहे, तशी ही माणसं या नावांत बसली आहेत. खाताना कुणाला अफोन्सो आठवत नाही, पण नाव घेतलं की तो असतोच.

फ्रेंच ड्रॉप त्या काळाच्या आधीचा, म्हणून त्यात माणूस नाही, नुसता देश आहे. ज्या कुणी पहिल्यांदा अंगठा कमानीतून घातला त्याचं नाव गेलं. मला त्याबद्दल हळहळ वाटते.

मराठी नावाचं म्हणाल, तर आमच्या धंद्यात इंग्रजी शब्दच चालतात. पाम, लोड, स्टील, अँगल, ‘नाणं फ्लॅश झालं’. पुस्तकं इंग्रजीतून आली, शब्दही आले. मी ते बदलायच्या भानगडीत पडत नाही, कारण उद्या विद्यार्थी दिल्लीला किंवा लंडनला गेला तर त्याला समोरच्याशी बोलता आलं पाहिजे. पण वर्गात, हात बसेपर्यंत, मी ‘ड्रॉप’ शब्द उच्चारत नाही. मी म्हणतो ‘खोटं घेणं’. पोरं लगेच नाण्याऐवजी मुठीकडे लक्ष देतात. हात बसला की मग सांगतो, हाच तो फ्रेंच ड्रॉप.

शेवटचं, नाणं. ही युक्ती मोठ्या, जड, चांदीच्या नाण्यांवर वाढलेली आहे. जुनं फ्रेंच पाच फ्रँकचं नाणं ३७ मिलिमीटरचं आणि २५ ग्रॅमचं असे. अमेरिकन जादूगारांचं लाडकं अर्ध्या डॉलरचं नाणं ३०.६ मिलिमीटरचं. आणि आपला राणी छाप बंदा रुपया बघा: साधारण साडेतीस मिलिमीटर, वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक जुना तोळा. जवळजवळ अर्ध्या डॉलरचाच भाऊ. आजीच्या डब्यातला असा एक रुपया माझ्याकडे आहे, १८७७ सालचा, राणीच्या गालावर घासून गुळगुळीत झालेला, पण कडेचे दाते अजून बोटाला लागतात. ते दाते फार कामाचे. अंगठ्याच्या टोकाला पकड मिळते, आणि सोडायचा क्षण बोटाला कळतो. चांदी बोटांच्या मुळाशी पडते तेव्हा आवाजही मऊ येतो.

तो नसेल तर दहाचं दोन रंगांचं नाणं घ्या, २७ मिलिमीटर, ७.७१ ग्रॅम, बऱ्यापैकी चालतं. वीसचंही तेवढ्याच रुंदीचं आहे, पण त्याला बारा कडा आहेत, कमानीवर नीट बसत नाही. हल्लीचा एक रुपया मोठ्या माणसाच्या हाताला फार लहान, अंगठा आत घालायला जागाच उरत नाही. लहान मुलांना मात्र तोच द्या, त्यांच्या कमानीला तो बरोबर बसतो. सरावाला बसताना खाली पलंगावरची चादर असू द्या. पहिले आठ-दहा दिवस नाणं पडणार आहे, आणि फरशीवर पडलं की ते नेमकं कपाटाखाली जातं.